नाइट ड्युटी, सुई, हॉस्टेल आणि कन्नड: बेळगावच्या मेडिकल कॅम्पसवर नव्यानं येणाऱ्या मुलींसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी खानापूर तालुक्यातली. कोल्हापूरला बीएस्सी नर्सिंग केलं, दोन वर्षं गडहिंग्लजला एका खासगी दवाखान्यात काम केलं. आता बेळगावात वैद्यकीय विद्यापीठाच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून ऑर्डर आली आहे. माझ्या भाचीलाही त्याच कॅम्पसमध्ये एमबीबीएसची सीट मिळाली आहे, ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. शाळेत कन्नड विषय होता, पण आम्हा दोघींनाही बोलता येत नाही. कन्नडवाचून अडेल का? ड्युटीत सुई टोचली तर काय करायचं? रॅगिंग होतं का? रोज खानापूरहून जाऊन-येऊन करावं की तिथंच राहावं? आणि काही झालंच तर सांगायचं कुणाला?”

मी बेळगावात वॉर्डात, मग इनचार्ज म्हणून आणि शेवटी नर्सिंग ऑफिसात व इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत काम करून निवृत्त झाले. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तू म्हणते. तुझे प्रश्न पाच आहेत, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही. सुईचं आधी घेते, कारण बाकी सगळ्याला उद्या आहे, त्याला नाही.

रात्री अडीच-तीनचा सुमार धर. कॅज्युअल्टीत हायवेवरचा ॲक्सिडेंट आलाय, पेशंट पिऊन आहे, इंटर्न रक्त काढतोय आणि तू त्याचा हात धरून उभी आहेस. पेशंट हिसका देतो, सुई निसटते आणि तुझ्या बोटात. हातमोज्याच्या आतून लाल ठिपका दिसतो. अशा वेळी दहातल्या नऊ मुली दोन गोष्टी करतात: बोट पिळून रक्त काढतात आणि वर स्पिरिट ओततात. दोन्ही चूक. पिळल्यानं आणि स्पिरिटनं तिथली कातडी आणखी दुखावते, फायदा काही होत नाही. हातमोजा काढ, नळ सोड, साबण लाव आणि वाहत्या पाण्याखाली बोट धर. रक्त डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं नाही तर सलाइननं डोळा धुवायचा, साबण नको. तोंडात गेलं तर थुंकायचं आणि चुळा भरायच्या. एवढंच.

त्यानंतर लगेच ड्युटीवरच्या कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरना सांगायचं. सकाळी इनचार्ज सिस्टर आल्यावर बघू, असं अजिबात नाही. एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा पहिला डोस जितका लवकर जाईल तितका बरा. दोन तासांच्या आत उत्तम, आणि ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग नाही. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर असा तो कोर्स, रोज, २८ दिवस. पेशंटचा रिपोर्ट यायची वाट बघत बसायचं नाही. धोका वाटण्यासारखा असेल तर डॉक्टर पहिला डोस सुरू करतात, रिपोर्ट निगेटिव्ह आला की पुढं थांबवता येतं. गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री त्याची किल्ली कुणाकडं असते, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेव. बेळगावच्या सिव्हिलमध्ये एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं केंद्र आहे, पण पहिला डोस तू जिथं आहेस तिथंच मिळायला हवा.

भीतीचं प्रमाणही नीट समजून घे. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली आणि तू लस घेतलेली नसशील, तर ती ६ ते ३० टक्के. मुली एचआयव्हीच्या नावानं रात्रभर रडतात आणि कावीळ बीच्या लसीचं विचारलं की म्हणतात, “दोन डोस घेतलेत, तिसरा राहिलाय.” तिसरा घे. आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी असे तीन डोस. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीचा टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, तपास, तो १० च्या वर असला की निवांत. लसीचं कार्ड सगळ्यांकडं असतं, टायटरचा कागद फार थोड्यांकडं. भाचीलाही हेच सांग. ती दुसऱ्या वर्षी वॉर्डात पाय ठेवेल, तोवर तिचे तिन्ही डोस आणि टायटर व्हायला भरपूर वेळ आहे.

आता ज्यासाठी हे एवढं सांगितलं ते. सुई टोचली त्याच दिवशी तुझं स्वतःचं रक्त तपासायला द्यायचं आणि इन्सिडंट फॉर्म भरायचा. वेळ, जागा, सुई पोकळ होती की टाक्याची, हातमोजे होते का, पेशंटचा हॉस्पिटल नंबर. मुली हे टाळतात. कारण कुणी उघड सांगत नाही, पण मला माहीत आहे: “लग्नाचं बघायला लागलेत, एचआयव्हीची टेस्ट केली असं घरी कळलं तर?” अगं, त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट हाच तुझा पुरावा असतो की आधी तुला काही नव्हतं. पुढं दुर्दैवानं काही निघालंच तर ते ड्युटीवर झालं हे दाखवायला त्या एका कागदाशिवाय दुसरं काही नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तो रिपोर्ट गुप्त ठेवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. पेशंटची टेस्टसुद्धा त्याच्या संमतीनंच होते, हेही त्याच कायद्यात आहे. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने असं पुन्हा रक्त द्यावं लागतं. त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव, ऑफिस आठवण करील या भरवशावर राहू नकोस.

जाता जाता एक. सुया फक्त आपल्यालाच टोचत नाहीत, हाऊसकीपिंगच्या बायकांनाही टोचतात. कारण आपल्यातलंच कुणीतरी घाईत सुई पांढऱ्या डब्यात न टाकता लाल नाही तर पिवळ्या पिशवीत टाकतं आणि ती पिशवी उचलताना मावशीच्या मांडीत घुसते. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी हॉस्पिटलवर टाकली आहे. ती बाई कंत्राटदाराची माणूस आहे म्हणून सुटका नाही. तुझ्या वॉर्डातल्या मावशीनं लस घेतली आहे का, एवढं विचारलंस तरी पुष्कळ झालं.

कन्नडचं. अडेल का? थोडं अडेल, पण तू समजतेस तिथं नाही. बेळगावात ओपीडीच्या रांगेत मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू, कोकणी सगळं चालतं. किणये, बेळगुंदी, उचगाव, खानापूर, निपाणी, पलीकडून चंदगड, आजरा, दोडामार्ग इथून येणारा पेशंट तुझ्याशी मराठीत बोलेल आणि तू भेटलीस म्हणून त्याला हायसं वाटेल. पण सौंदत्ती, गोकाक, बैलहोंगल, रामदुर्ग इकडची म्हातारी माणसं कन्नडशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, आणि वॉर्डात ती निम्म्याच्या आसपास तरी असतात. पुस्तकी कन्नड घेऊन बसू नकोस. “होट्टी ब्यानी ऐतेनरी?” (पोट दुखतंय का?), “एष्टु दिवस आतरी?” (किती दिवस झाले?), “ऊटा माडीरेनरी?” (जेवलात का?), “अंजबॅडरी” (घाबरू नका) एवढ्यावर पहिला महिना निघतो. शेवटचा “री” मात्र विसरू नकोस. इकडं तो आदराचा आहे, म्हाताऱ्या माणसाला त्याशिवाय हाक मारलेली चालत नाही. बाकीचं वॉर्डातल्या मावशी शिकवतात, आणि कुठल्याही क्लासपेक्षा बरं शिकवतात.

खरं अडतं ते हँडओव्हरला. रामदुर्गची आजी संध्याकाळच्या सिस्टरला कन्नडमध्ये सांगते की मागं एका इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या, दम लागला होता. ती सिस्टर कन्नड जाणणारी, तिला कळतं. रात्री आठला ड्युटी बदलताना ती तोंडानं सांगते, “आजीला कसल्यातरी इंजेक्शनची ॲलर्जी आहे म्हणे.” रात्रीची सिस्टर मराठी, पेशंट वीस-पंचवीस, त्यात एक कोड ब्लू, म्हणजे कुणाचंतरी हृदय बंद पडून सगळ्यांची धावपळ. सकाळच्या सिस्टरपर्यंत ते पोचतच नाही. दुपारी राऊंडला सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिक इंजेक्शनची ऑर्डर येते आणि आजी कन्नडमध्ये नको नको म्हणत असते. भाषा येणारी सिस्टर होती, सांगणारी आजी होती, तरी उपयोग शून्य, कारण केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनानं ॲलर्जी लिहिलेली नव्हती. म्हणून माझं सांगणं असं: कन्नड हळूहळू येईल, पण जे कळलं ते लगेच लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. कळलं नाही तर दुभाषा घे, आणि त्याचं नावही लिही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर तर हे हवंच. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेला, पेशंट चंदगडचा, अंगठा घेतला आणि झालं, हे चालायचं नाही. त्याला मराठीत समजावून सांगितलं, कुणी सांगितलं, साक्षीदार कोण, हे तिथंच खाली लिहायचं. कन्नड पेशंटलाही हाच न्याय.

तू विचारलेलं नाहीस, पण मनात असेल: भाषेवरून कुणी टोमणे मारील का? एखाददुसरा मारतो. वॉर्डात मात्र कामाला चोख असलेल्या सिस्टरला कुणी भाषा विचारत बसत नाही, आणि दोन्ही भाषा जाणणारी सिस्टर तर डॉक्टरांना हवीच असते, राऊंडला तिलाच हाक मारतात. बाहेर वातावरण तापतं तेव्हा अडचण होते ती बसची. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. त्या दिवशी किंवा कुठं भाषेवरून मारामारी झाली की महाराष्ट्र-कर्नाटक बसगाड्या बंद पडतात, चंदगड-कोल्हापूरकडून येणाऱ्या मुली अडकतात. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हायवेवर बंदोबस्त आणि खोळंबा. हे सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळं ड्युटीची अदलाबदल आठवडाभर आधी करून घ्यायची, आणि दोघींच्या सह्यांनिशी नर्सिंग ऑफिसात द्यायची. “मी तिला सांगितलं होतं, ती हो म्हणाली होती” यावर गैरहजेरी लागलेल्या मुली मी बघितल्या आहेत. ज्या मुलीनं हो म्हटलेलं असतं तिलाही नंतर आठवत नाही, त्यात लबाडी असतेच असं नाही.

भाचीचं. कन्नड तिच्यासाठी पहिल्या वर्षी फार मोठी गोष्ट नाही. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात, ते टाळू नको म्हणावं. दुसऱ्या वर्षापासून क्लिनिकल पोस्टिंगला बेडशेजारी हिस्टरी घ्यायची असते, तिथं ते कामाला येतं, आणि फायनलच्या परीक्षेत तिच्या वाट्याला गोकाकचाच पेशंट येईल असं धरून चालावं. गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडं वर्षानुवर्षं जायचा जो कार्यक्रम आता एमबीबीएसला आहे, त्यात मराठी गाव वाट्याला आलं तर ती सगळ्यांत पुढं असेल, एवढं नक्की.

तिची खरी मारामारी इंग्रजीशी आहे. बारावीला बायोलॉजी इंग्रजीत केलं असलं तरी ॲनाटॉमीचं पुस्तक पहिले तीन-चार महिने अंगावर येतं. वर्गात सगळ्यांना कळतंय आणि मलाच नाही, असं वाटून ही मुलं मागच्या बाकावर जातात, मग डिसेक्शन हॉल चुकवतात, मग हजेरी घसरते. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेला एकूण चारच संधी आहेत. म्हणून हजेरी सोडायची नाही, कळो न कळो. रोज एक पान मोठ्यानं वाचायचं आणि आकृती स्वतः काढायची. व्हायव्हात गप्प बसण्यापेक्षा तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोललेलं चालतं, परीक्षक बहुतेक इकडचेच असतात, त्यांना हे नवं नाही.

झोप उडाली, जेवण सुटलं, फोनवर नुसतं “बरी आहे” म्हणायला लागली, तर वाट बघू नका. कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला मेंटॉर नेमलेला असतो, त्यांना भेटा. कॅम्पसवरच मानसोपचार विभाग आहे, पण तिथल्या ओपीडीत आपलेच सीनियर बसलेले असतात म्हणून मुलं जात नाहीत, हेही मला कळतं. अशा वेळी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर बरा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

रॅगिंग. होत नाही असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखं उघड कमी झालंय. २००९ मध्ये हिमाचलमध्ये अमन काचरू नावाचा मेडिकलचा मुलगा रॅगिंगमध्ये गेला, तेव्हापासून यूजीसीचे नियम कडक झाले. २०२१ पासून मेडिकल कॉलेजांना नॅशनल मेडिकल कमिशनचे वेगळे नियम आहेत. ॲडमिशनच्या वेळी मुलगी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेतात ते त्यातूनच आलं. आता ते सौम्य रूपात येतं: “माझं रेकॉर्ड बुक लिहून दे”, “रात्री बाराला ग्रुपवर इंट्रो टाक”, “मेसमधून माझं ताट वर आण”. मुलींना वाटतं, एवढंच ना, लिहून देऊ. सीनियरचा अभ्यासाचा भार ज्युनियरकडून करून घेणं हेसुद्धा नियमात रॅगिंगच आहे, चेष्टामस्करी नाही. मोबाइलवरचं असेल तर स्क्रीनशॉट काढून घरी पाठवून ठेवायचे, ग्रुप सोडायची घाई करायची नाही.

तक्रार अँटिरॅगिंग कमिटीकडं लेखी द्यायची. नाव पुढं यायची भीती असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, तीही चोवीस तास असते. गुन्ह्यात मोडणारा प्रकार असेल तर तक्रार मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करायची जबाबदारी कॉलेजच्या प्रमुखावर आहे. त्यामुळं तक्रार किती वाजता दिली, याला फार किंमत आहे. वॉर्डनबाईंना जिन्यात गाठून सांगितलं तर ते २४ तास सुरूच होत नाहीत.

सांगायचं कुणाला, हा तुझा शेवटचा प्रश्न, आणि मी इथंच जास्त रेंगाळणार आहे. कॅम्पसवर माणसं वाईट नसतात. पण सुपरिटेंडंट, मेट्रन, एचओडी, वॉर्डन, इस्टेट ऑफिस, एजन्सीचा सुपरवायझर अशी इतकी दारं असतात की तोंडी सांगितलेली गोष्ट या दारातून त्या दारात फिरत राहते. प्रत्येक जण “बघूया” म्हणतो, आणि म्हणताना तो खोटंही बोलत नसतो.

एक उदाहरण घेऊ. नर्सेसच्या चेंजिंग रूमची आतली कडी तुटलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर ही बारीक तक्रार राहिलेली नाही. मुली अर्ज लिहितात तो असा: “आम्हा नर्सेसची सुरक्षितता पूर्ण धोक्यात आली असून प्रशासन वारंवार दुर्लक्ष करीत आहे, तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.” हा अर्ज वाचून कुणाला काय करायचं ते कळत नाही, फक्त साहेबांना राग येतो. तोच असा लिही: “दुसऱ्या मजल्यावर सर्जरी वॉर्डाच्या बाजूला नर्सेसची चेंजिंग रूम आहे. तिच्या दाराची आतली कडी ३ तारखेपासून तुटली आहे. ५ तारखेला मेंटेनन्सच्या वहीत नोंद केली आहे. रात्रपाळीला सहा नर्स ही खोली वापरतात. कडी बसवून मिळावी आणि तोपर्यंत रात्री खोलीबाहेर महिला सुरक्षारक्षक द्यावी.” खाली तारीख, नाव, एम्प्लॉयी नंबर, जमलं तर आणखी दोघींच्या सह्या. एका अर्जात एकच गोष्ट. कडीबरोबर मेसचा भात आणि रजेचं भांडण जोडलंस की तिन्ही बुडाली. अर्ज मात्र इंग्रजीत दे, सरकारी ठिकाणी कन्नडमध्येही चालतो. मराठीत दिलास तर भाषांतराच्या निमित्तानं महिनाभर पडून राहील. बरोबर की चूक तो वाद वेगळा, तुला कडी हवी आहे.

आता खिडकीवर. दोन प्रती न्यायच्या. क्लार्क मान वर न करता म्हणेल, “ठेवून जावा, साहेब आले की देतो.” तिथून हलायचं नाही, आवाजही चढवायचा नाही. “सर, पोच देता का, घरी फाइलला लावायची आहे,” एवढंच म्हणायचं. तो दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारील, तारीख टाकील आणि आवक नंबर लिहील. शिक्क्याच्या पॅडात शाई नाही म्हणाला तर सही आणि तारीख तरी घ्यायची. मग त्या प्रतीचा फोटो काढून साहेबांच्या ऑफिसच्या ईमेलवर टाकायचा, विषयात आवक नंबर लिहायचा. आठवड्यानं जाशील तेव्हा “माझ्या अर्जाचं काय झालं” असं विचारायचं नाही, “आवक अमुक, तारीख तमुक, तो कुणाच्या टेबलावर आहे” असं विचारायचं. फरक तुलाच दिसेल.

काही तक्रारींना मात्र मेट्रन आणि एचओडी ही वाटच नाही. लैंगिक छळाची तक्रार थेट अंतर्गत समितीकडं जाते. प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, समितीची अध्यक्ष बाईच असते, एक सदस्य बाहेरचा असतो आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. कंत्राटी, शिकाऊ, कायम, सगळ्यांना ती लागू आहे. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन कॅम्पसवर लावलेले असायला हवेत. पहिल्या आठवड्यात त्या फळ्याचा फोटो काढून ठेव. पेशंटच्या नातेवाइकांनी अंगावर हात टाकला तर त्यासाठी कर्नाटकात २००९ पासून वेगळा कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. पण पोलिसांत तक्रार संस्थेनं करायची असते, नुसतं तुला पुढं ढकलून चालत नाही. त्यासाठी रात्रीच सुरक्षा रजिस्टरात नोंद आणि कॅज्युअल्टीत तुझी मेडिकोलीगल तपासणी झालेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे मोठे लोक येतात, चहा होतो, आणि “जाऊ दे सिस्टर, त्यांचं माणूस गेलंय” असं म्हणतात. माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण नोंद आधी.

पगाराचं थोडक्यात. ऑर्डर नीट वाच: प्रोबेशन किती, बाँड आहे का, सोडताना नोटीस किती. पीएफचा जुना यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) गडहिंग्लजचा असेल तर तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा लागतो, त्याचं कार्ड मागून घे. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे आहे, त्याआधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणाले तर आधी दाखवून परत मागायची, नाहीच ऐकलं तर एकेका कागदाचं नाव लिहिलेली पावती घ्यायची.

राहायचं कुठं. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, बस भरपूर, आणि २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही. त्यामुळं जाऊन-येऊन परवडतं, हे खरं. (चंदगडच्या मुलीला मात्र आधार महाराष्ट्राचं म्हणून तिकीट काढावं लागतं, त्याच बसमध्ये, त्याच ड्युटीला जाताना.) पण तुझी संध्याकाळची ड्युटी आठला सुटेल, हँडओव्हर होऊन बाहेर पडायला साडेआठ-पावणेनऊ, मग बसस्टँड गाठायचं, मग खानापूर, आणि तिथून तुझं गाव आणखी आत असेल तर शेवटची वस्तीची गाडी गेलेली. पावसाळ्यात खानापूरचा पाऊस तुला मी सांगायला नको. पहिलं वर्षभर तरी नर्सेस हॉस्टेलला राहा. ते नाही मिळालं तर सदाशिवनगर, वैभवनगर भागात दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या, भाडेकरार लेखी करा. भाचीनं हॉस्टेललाच राहायचं, यात दुसरा विचार नको. पहिल्या वर्षाच्या मुलींना वेगळं ठेवायचा नियम आहे, त्याचा फायदा घ्यावा. मेसचं जेवण कुणालाच आवडत नाही. पावसाळ्यात कच्ची कोशिंबीर टाळायची आणि पाण्याची बाटली स्वतःची ठेवायची.

आता जे तू विचारलंच नाहीस आणि ज्यावर तुझं रुजू होणं अडू शकतं ते. तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं असणार. कर्नाटकात काम करायला बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. तू खानापूरची, आधार कर्नाटकाचं, याचा इथं काही संबंध नाही, डिग्री कुठली ते बघतात. त्यासाठी मुंबईहून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि व्हेरिफिकेशन यावं लागतं, कोल्हापूरच्या कॉलेजातून मार्कलिस्ट आणि ट्रान्सक्रिप्ट लागतात, आणि या दोन कौन्सिलांमधला कागद सावकाश चालतो. ऑर्डरमध्ये जॉइनिंगची तारीख असेल ती बघ. तोवर रजिस्ट्रेशन होणार नसेल तर अर्ज केल्याची पोच जोडून एचआरकडं मुदत माग, तीही लेखी. एनओसीचा अर्ज या आठवड्यातच टाक, आणि कोल्हापूरला फोन न करता स्वतः जाऊन ये, सुट्टीचा दिवस टाळून.